गोव्याहून फेणी आणताय? बांद्याच्या पुढे ती ‘गुन्हा’ का ठरते?

मुलांना समुद्र, आजीला मंगेशीचं दर्शन, आईला काजू आणि बाबांना फेणी. मुंबई-पुण्याहून गाडीने गोव्याला निघालेल्या बहुतेक कुटुंबांची यादी अशीच असते. परतताना डिकीत काजूच्या पाकिटांशेजारी दोन-तीन बाटल्या सरकवल्या जातात. दुकानाचं बिल खिशात असतं, त्यामुळे सगळं कायदेशीर आहे अशी समजूतही असते. ही समजूत चुकीची आहे.

फेणीत एवढं खास काय?

काजूचे बोंडू ठेचून रस काढला जातो. तो आंबवून भट्टीवर पहिल्यांदा ऊर्ध्वपातन केलं की हुर्राक मिळते. तिच्यात मद्यार्क साधारण १५ टक्के. पुन्हा ऊर्ध्वपातन केलं की फेणी तयार होते, सुमारे ४२ टक्क्यांची. हुर्राक उन्हाळ्यातच मिळते आणि फार टिकत नाही. नारळाच्या माडीपासून होणारी फेणी वेगळी, ती मुख्यतः दक्षिण गोव्यातली. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. २०१६ मध्ये गोवा सरकारने फेणीला वारसा पेयाचा दर्जा दिला.

मग अडचण कुठे?

मद्य हा राज्यघटनेनुसार राज्यांचा विषय आहे. पिण्याचं मद्य जीएसटीतही नाही. त्यामुळे प्रत्येक राज्याचा कर वेगळा आणि कायदाही वेगळा. गोव्यातली बाटली स्वस्त असते कारण तिच्यावर महाराष्ट्राचा कर भरलेला नसतो. महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ नुसार, परवानगीशिवाय राज्यात आणलेलं असं मद्य बेकायदा ठरतं. बाटली एक असो की शंभर, नियम तोच. गुन्हा दाखल होऊ शकतो, गाडीही जप्त होऊ शकते. गोव्यातलं बिल फक्त खरेदीचा पुरावा असतं, महाराष्ट्रात आणण्याचा परवाना नव्हे.

वयाचंही तसंच. गोव्यात मद्य घेण्यासाठीची वयाची अट वेगळी आहे. महाराष्ट्रात फेणीसारख्या कडक मद्यासाठी २५ वर्षांची अट आहे.

काय लक्षात ठेवाल?

– फेणी गोव्यातच चाखा. गाडी चालवणाऱ्याने मात्र नाही. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच वेळी १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.
– ‘घरची आहे’ म्हणून पाण्याच्या बाटलीत भरून दिलेली फेणी टाळा. आत काय आहे, हे सांगणारं लेबल त्यावर नसतं. लेबल असलेली सीलबंद बाटलीच घ्या.
– आणायचंच असेल, तर निघण्यापूर्वी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे परवानगीची चौकशी करा.

नियम बदलायला हवा का?

तस्करी रोखायलाच हवी. ट्रक भरून येणाऱ्या मद्यामुळे राज्याचा महसूल बुडतो आणि भेसळीचा धोकाही असतो. पण पैठणी किंवा हापूसप्रमाणेच मानांकन मिळालेल्या पेयाची एक बाटली नेणारं कुटुंब आणि तस्कर, यांच्यात व्यवस्थेने फरक करायला हवा. सीमेवरच फरकाचा कर भरा, मोबाइलवर पावती घ्या आणि एक-दोन सीलबंद बाटल्या न्या, अशी सोय अवघड नाही. टोल फास्टॅगने कापला जातो, तर हा कर का नाही?

यात कोकणाचाही फायदा आहे. पलीकडे ज्या बोंडूची फेणी होते, तोच बोंडू सिंधुदुर्गातल्या बागांत अनेकदा झाडाखाली कुजतो. सीमेवरचा नियम सुटसुटीत झाला, तर उद्या सावंतवाडीच्या बागायतदारालाही या बाजारात जागा मागता येईल.

तोपर्यंत मात्र डिकीत काजूच बरे. चार बाटल्यांवर वाचलेल्या पैशांसाठी मुलाबाळांसह तपासणी नाक्यावर रात्र काढणं कुणालाच परवडणारं नाही.