स्मृतिभ्रंश, वृद्धाश्रम आणि रात्रपाळीचा हिशेब

बाजारपेठेच्या पुरस्कर्त्यांकडे प्रत्येक सामाजिक प्रश्नाचे एकच ठरीव उत्तर असते. ग्राहकाला निवड करू द्या, निकृष्ट ते आपोआप मागे पडेल. शिक्षणात हे उत्तर देऊन झाले, वैद्यकीय सेवेत देऊन झाले. आता स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या सांभाळाबाबतही तेच ऐकवले जात आहे. मोठ्या शहरांच्या कडेला अशा रुग्णांसाठी निवासी केंद्रे उभी राहत आहेत. कुटुंबांनी ती पाहावीत, दरांची तुलना करावी, परवडेल ते निवडावे आणि शासनाने मध्ये पडू नये, असा हा युक्तिवाद आहे. इतर क्षेत्रांत तो अर्धवट खोटा असेल. या क्षेत्रात मात्र तो मुळातच टिकत नाही.

विकणाऱ्याला मालाचा दोष ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात चांगला माल हळूहळू बाहेर फेकला जातो, हे जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवून दिले. परंतु मोटार घेणाऱ्याला निदान चार दिवस चालवल्यावर तिचा दोष कळतो. येथे सेवा घेणारा एक, पैसे देणारा दुसरा, आणि सेवा घेणाऱ्याला साक्ष देता येत नाही. काल रात्री आपल्याला पलंगाला बांधून ठेवले होते, हे ज्याला सकाळी आठवत नाही, किंवा आठवले तरी ज्याचे बोलणे भास म्हणून सोडून दिले जाते, त्याच्या समाधानावर कोणत्या मालाची प्रत ठरणार? मुलांना शंका आली तरी ती गप्प बसतात. व्यवस्थापनाशी वाकडे घेतले तर त्याचे परिणाम आईला भोगावे लागतील, ही भीती असते. जागा बदलली की रुग्णाचा गोंधळ वाढतो, हेही ठाऊक असते. ज्या ग्राहकाला तक्रार करता येत नाही आणि दुकान बदलता येत नाही, त्याला ग्राहक म्हणणे ही शब्दांची फसवणूक आहे.

हा केवळ पांढरपेशांचा प्रश्न नव्हे

हा प्रश्न सुखवस्तू मध्यमवर्गाचा आहे, कष्टकऱ्यांच्या पक्षाने त्यात वेळ का घालवावा, अशी कुजबूज आपल्यातही होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठ वर्षांवरील ७.४ टक्के व्यक्तींना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना, स्मृतिभ्रंश आहे. त्याच अभ्यासानुसार हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात अधिक आहे. तेव्हा या आजाराचा चेहरा निवृत्त अधिकाऱ्याचा नाही. तो शेतमजूर म्हातारीचा आहे. तिला आजार झाला आहे हे कोणी मानत नाही. ‘म्हातारपणी असेच व्हायचे’ म्हणून तो विषय संपतो. घरातली सगळी माणसे कामावर जातात तेव्हा तिला बाहेरून कडी लावली जाते. शहरातल्या महाग केंद्रात जी दोरी दिसते तिचीच ही गरीब बहीण.

महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये श्रावणबाळ योजनेची मासिक रक्कम १,००० रुपयांवरून १,५०० रुपये केली. स्वतःच्या शरीरधर्मावरचा ताबा सुटलेल्या रुग्णाच्या डायपरचा महिन्याचा खर्चही या रकमेत भागत नाही. निवासी केंद्राचे नाव तर काढायलाच नको.

दुसऱ्या बाजूला संस्कृतिरक्षकांचा कंठशोष चालू असतो. वृद्धाश्रम ही पाश्चात्त्य विकृती आहे, आईबापांचे स्थान मुलांच्या घरात, असे ते सांगतात. मुलाच्या घरात रात्री चार वेळा उठून अंथरूण कोण बदलते, या प्रश्नाचे उत्तर ते देत नाहीत. ते काम सून करते, मुलगी करते, आणि घरात पैसा असेल तर ब्यूरोने पाठवलेली एखादी मावशी बारा तासांच्या पाळीवर करते. संस्काराच्या नावाने स्त्रियांकडून फुकट किंवा स्वस्तात करून घेतलेले श्रम, एवढाच या थोर परंपरेचा आर्थिक अर्थ आहे. घर की वृद्धाश्रम हा वाद त्यामुळे फसवा आहे. सांभाळाचे श्रम कोण करते, त्याचे दाम कोण मोजते आणि त्यावर देखरेख कोणाची, हा खरा प्रश्न आहे.

माणशी अठरा मिनिटे

एखाद्या केंद्राची परीक्षा कशावरून करावी? अंगणातील बाग, रंगवलेल्या भिंती, सणासुदीची छायाचित्रे यांवरून काहीच कळत नाही. परीक्षा रात्रपाळीच्या हजेरीपटावरून करावी. त्यासाठी साधे अंकगणित पुरे आहे.

समजा, एका केंद्रात ३० रुग्ण आहेत आणि रात्री दहा तासांसाठी दोन परिचारक आहेत. दोघे क्षणभरही न टेकता काम करतील असे धरले तरी त्यांच्या हाती मिळून १,२०० मिनिटांचे श्रम आहेत. रुग्णांपैकी ८ जण अंथरुणाला खिळलेले आहेत. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते. म्हणजे रात्रीत पाच वेळा. वळवणे, पुसणे, कपडे बदलणे यास दोघांची दहा-दहा मिनिटे धरली तर प्रत्येक वेळी २० मिनिटांचे श्रम लागतात. आठ रुग्णांचे पाच वेळा मिळून ८०० मिनिटे झाली. उरली ४०० मिनिटे, आणि उरले २२ रुग्ण. म्हणजे संपूर्ण रात्रीत माणशी अठरा मिनिटे. त्यातच कोणाला शौचाला न्यायचे आहे, कोणी घरी जायचे म्हणून दारावर धक्के मारतो आहे, कोणी अंधारात चालू लागला आहे.

या परिस्थितीत तीनपैकी एक गोष्ट घडणारच. खिळलेल्यांना वळवले जाणार नाही आणि त्यांच्या पाठी कुजतील; किंवा हिंडणाऱ्याला पलंगाला बांधले जाईल; किंवा संध्याकाळीच गोळी देऊन सर्वांना निजवले जाईल. परिचारक दुष्ट असण्याची काही गरज नाही. अतिशय मायाळू बाईसुद्धा बाराशे मिनिटांची अठराशे करू शकत नाही. मात्र तिसरा परिचारक नेमला की ती अठराशे होतात, आणि त्या बावीस जणांच्या वाट्याला अठराऐवजी पंचेचाळीस मिनिटे येतात. पलंगाची दोरी आणि मोकळे हातपाय यांत एका माणसाच्या पगाराचे अंतर आहे. जेथे नफा काढायचा आहे तेथे हाच पगार सर्वांत आधी वाचवला जातो, कारण रात्री तो वाचवल्याचे पाहायला कोणी येत नाही.

गोळीचा मार्ग दोरीपेक्षा सभ्य दिसतो, इतकेच. मनोविकारांवरील काही औषधांमुळे स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ सालीच दिलेला आहे. डॉक्टरला ही औषधे कधी द्यावीच लागतात. पण मनुष्यबळाची उणीव झाकण्यासाठी ती देणे हा उपचार नव्हे.

कायदा आहे, अंमल नाही

विशेष हे की, या दोरीविरुद्ध देशात कायदा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक आजाराची जी व्याख्या केली आहे तिच्यात स्मृती आणि स्थलकालाचे भान यांच्या गंभीर बिघाडाचा समावेश आहे. असे रुग्ण जेथे निवासी ठेवले जातात त्या संस्थेने नोंदणी केली पाहिजे, हा त्या कायद्याचा सरळ अर्थ आहे. त्याचे ९७ वे कलम तर प्रत्येक कार्यकर्त्याने वाचून ठेवावे. तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा कोणताच उपाय नसेल तेव्हाच, आणि मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीनेच, रुग्णाला बांधता येते. त्याची नोंद ठेवावी लागते, रुग्णाच्या प्रतिनिधीला चोवीस तासांत कळवावे लागते, आणि दरमहा पुनर्विलोकन मंडळाकडे अहवाल पाठवावा लागतो. केवळ कर्मचारी अपुरे आहेत या कारणासाठी रुग्णाला बांधता येणार नाही, असे हे कलम स्पष्ट शब्दांत सांगते. वर मांडलेल्या हिशेबाचे उत्तर संसदेने देऊन ठेवले आहे. पण दारावर ‘ज्येष्ठ नागरिक निवास’ अशी पाटी लावली की हा कायदा आपल्याला लागूच नाही, असे म्हणण्याची पळवाट मोकळी होते.

आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठी केलेला २००७ चा कायदाही असाच आहे. प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, निराधार अशा किमान १५० ज्येष्ठांसाठी, वृद्धाश्रम राज्य शासन स्थापन ‘करू शकेल’, असे त्याचे १९ वे कलम म्हणते. मुलाने आईला पोसलेच पाहिजे. सरकारने मात्र वाटल्यास पोसावे! खाजगी गृहांची नोंदणी आणि किमान दर्जा यांची तरतूद करणारे दुरुस्ती विधेयक २०१९ साली लोकसभेत मांडले गेले. ते मंजूर न होता २०२४ मध्ये सभागृहाच्या मुदतीबरोबर संपले. त्याच २०२४ साली महारेराने ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांना नियम घालून दिले. दरवाजाची रुंदी ९०० मिलिमीटर असावी, फरशी घसरडी नसावी, चाकाच्या खुर्चीसाठी उतार असावा. हे नियम चांगलेच आहेत. परंतु सदनिका विकत घेणाऱ्याच्या दरवाजाची रुंदी ठरवणाऱ्या राज्यात, त्या दरवाजाआड रात्री किती माणसे जागी असावीत हे कोणी ठरवू नये, यावरून मालमत्ता आणि माणूस यांत शासनाला कशाची काळजी अधिक आहे ते दिसते.

सांभाळ पूर्णपणे भांडवलाच्या हाती दिला तर काय होते, हे ब्रिटनने पाहिले आहे. सदर्न क्रॉस ही तेथील सर्वांत मोठी वृद्धगृह-कंपनी ब्लॅकस्टोन या अमेरिकन गुंतवणूकसंस्थेने २००४ साली घेतली आणि २००६ साली भागबाजारात आणून ती मोकळी झाली. गृहांच्या इमारती विकायच्या आणि त्याच वाढत्या भाड्याने परत घ्यायच्या, ही कंपनीच्या विस्ताराची युक्ती होती. भाडे वाढत गेले, उत्पन्न घटले आणि २०११ साली कंपनी कोसळली. सुमारे ७५० गृहांतील ३१,००० वृद्धांचे आता काय, हा प्रश्न समाजाच्या अंगावर पडला. नफा आधीच खिशात गेला होता.

काय केले पाहिजे

पर्याय नाही, असे म्हणणाऱ्यांनी गोव्याकडे पाहावे. बार्देश आणि तिसवाडी तालुक्यांतील ८१ कुटुंबांत केलेला एक प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. थोडे प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या घरी नियमित जात, सांभाळणाऱ्यांना माहिती आणि आधार देत; डॉक्टर पाठीशी असत. सांभाळणाऱ्यांवरील मानसिक ताण त्यामुळे कमी झाल्याचे आढळले. आशा सेविकांचे जाळे असलेल्या महाराष्ट्राला हे अशक्य नाही. अट एवढीच की त्यांच्या माथी हे आणखी एक बिनपगारी ओझे मारू नये. केरळ सरकारनेही २०१४ पासून स्वयंसेवी संस्थेच्या साहाय्याने स्मृतिभ्रंशाचा राज्यपातळीवरचा कार्यक्रम हाती घेतला. घरी भेट, दिवसाचे केंद्र आणि अगदी गरज पडेल तेव्हा सार्वजनिक निवासी केंद्र, अशी साखळी हवी. निवासी केंद्र ही तिची शेवटची कडी आहे.

तोवर आज ज्यांना केंद्र निवडावेच लागते, त्यांना एकटे सोडून चालणार नाही. प्रत्येक शहर समितीने आपल्या भागातील केंद्रांची यादी करावी आणि कुटुंबांच्या सोबतीने पुढील प्रश्न लेखी विचारावेत. रात्री दहा ते सकाळी आठ या वेळात किती परिचारक जागे असतात, आणि हजेरीपट दाखवणार का? त्यांना पगार किती, भविष्यनिर्वाह निधी आहे का, आणि ते सरासरी किती महिने टिकतात? रुग्णाला बांधल्याची नोंदवही कोठे आहे? झोपेची व मनोविकारावरील औषधे कोणत्या डॉक्टरच्या लेखी सूचनेने दिली जातात? पडणे, पाठीच्या जखमा आणि दरमहा वजन यांच्या नोंदी आहेत का? न कळवता, विशेषतः दिवेलागणीला, जेव्हा अशा रुग्णांची घालमेल वाढते तेव्हा, भेटायला येता येते का? रुग्णाची बोली, मग ती मालवणी असो की अहिराणी, समजणारे कोणी आहे का? आजार बळावला तर त्याला बाहेर काढण्याचे कलम करारात आहे का, आणि अनामत रकमेचे काय होते? जे केंद्र उत्तर देईल त्याचे उत्तर जाहीर करावे; जे देणार नाही त्याचे मौन जाहीर करावे. पुनर्विलोकन मंडळाकडे किती केंद्रांचे मासिक अहवाल आले, हे माहितीच्या अधिकाराखाली विचारावे.

मागण्याही नेमक्या असाव्यात. प्रत्येक केंद्राची सक्तीची नोंदणी. रात्रीच्या परिचारकांची किमान संख्या कायद्याने निश्चित. तपासणी अहवाल जनतेस खुले. २००७ च्या कायद्यातील ‘शकेल’ जाऊन तेथे बंधन. आणि परिचारकांना किमान वेतन, आठ तासांची पाळी व संघटनेचा हक्क. ही शेवटची मागणी पुरवणीदाखल जोडलेली नाही, ती पहिल्या चारही मागण्यांचा पाया आहे. जी बाई सलग बारा तास राबून अर्धपोटी घरी जाते तिच्याकडून करुणेची अपेक्षा करण्याचा अधिकार कोणालाही नाही. रुग्णाचे हित आणि परिचारिकेचे हित येथे एकच आहे.

१९७२ साली महागाईविरुद्ध हातात लाटणे घेऊन रस्त्यावर आलेल्या आणि १९७५ साली तुरुंगात गेलेल्या पिढीतील अनेक जण आज ऐंशीच्या आगेमागे आहेत. त्यांतील काहींना आता मोर्चे आठवत नाहीत, सोबत्यांची नावे आठवत नाहीत. त्यांनी कोणत्या मागण्या केल्या होत्या हे त्यांच्या वतीने लक्षात ठेवणे, आणि ज्यांना कोणत्याही मोर्चात येता आले नाही अशा लक्षावधी म्हाताऱ्यांसाठीही त्याच मागण्या करणे, हे आता पक्षाचे काम आहे. आगामी जिल्हा शिबिरांच्या विषयपत्रिकेत हा विषय घालावा आणि कामाची सुरुवात रात्रपाळीच्या हजेरीपटापासून करावी.