माळ्यावरचे स्पूल वेळेत उतरवा

अहिल्यानगरहून दौंडच्या रस्त्याला लागलं की काही किलोमीटरवर, अरणगावजवळ मेहेराबाद येतं. मेहेरबाबांनी इथेच १० जुलै १९२५ रोजी मौन धरलं आणि ३१ जानेवारी १९६९ला देह ठेवीपर्यंत ते सोडलं नाही. चुंबकीय फितीवर आवाज टिपणारं जर्मन यंत्र लोकांसमोर आलं ते १९३५मध्ये, बर्लिनच्या प्रदर्शनात. म्हणजे टेपरेकॉर्डर घराघरांत शिरला तो सारा काळ बाबांच्या मौनाचा. तरीही स्पूलवरच्या घरगुती रेकॉर्डिंगच्या इतिहासात बाबांचं नाव आहे, आणि नगरकरांनी ते अभिमानानं सांगावं असं आहे.

'द हू' या इंग्लिश रॉक बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंड साठच्या दशकाच्या अखेरीस बाबांचा अनुयायी झाला. नवं गाणं बँडपुढे ठेवण्याआधी घरी एकट्यानंच सगळी वाद्यं वाजवून ते फितीवर घ्यायची त्याची सवय होती. सुरुवातीच्या काळात दोन टेपरेकॉर्डर पुरत. एकावरचं ऐकत जोडीला दुसरं वाद्य वाजवायचं आणि दोन्ही मिळून दुसऱ्या यंत्रावर उतरवायचं. दर फेरीला फितीची खरखर वाढते, आणि आधीच्या थरातली चूक मागाहून काढता येत नाही. म्हणून वाजवणारा आधीच कान टवकारून बसतो. ही सक्ती संगीताला मानवते.

'बाबा ओ'रायली' हे १९७१चं गाणं. त्यातले बाबा म्हणजे मेहेरबाबा, तर रायली हे अमेरिकन संगीतकार टेरी रायली. सुरुवातीला ऑर्गनचे जे सूर गरगर फिरत राहतात, ते टाउनशेंडनं घरी वाजवून टेप केलेले. बँडनं स्टुडिओत त्याच मुद्रणावर आपली वाद्यं चढवली. १९७२मध्ये तो मेहेराबादला समाधीच्या दर्शनाला आला. त्याच वर्षीच्या 'हू केम फर्स्ट' या त्याच्या तबकडीतलं बरंचसं संगीत घरच्याच स्टुडिओतलं आहे, आणि बाबांच्या 'परवरदिगार' प्रार्थनेला त्यानं लावलेली चालही तिच्यात आहे.

घरचं रेकॉर्डिंग म्हणजे कच्चं काम, हा समज इथे टिकत नाही. आपल्याकडे तर त्याचं मोल आणखी मोठं. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं मिळत. त्यात विलंबित ख्याल कसा मावणार? सात इंची स्पूलवर सेकंदाला साडेसात इंच वेगानं १,२०० फूट फीत सुमारे ३२ मिनिटं चाले. गायकाला राग निवांत मांडता येई. बैठकीतलं असं कितीतरी गाणं आज ऐकायला मिळतं, ते रसिकांनी हौसेनं उतरवून ठेवलं म्हणून.

जिल्ह्यातल्या ज्या घरांत तेव्हा स्पूलचा टेपरेकॉर्डर होता, तिथले माळे आता तपासायला हवेत. एखादी बैठक, सप्ताहातलं कीर्तन, आजीच्या ओव्या, काहीही निघू शकेल. पण सापडलेली फीत लगेच यंत्रावर चढवू नये. अ‍ॅसिटेटच्या जुन्या फितींना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, त्या आकसतात, तुटतात. सत्तरच्या दशकातल्या काही फितींचा गोंद हवेतली ओल धरून चिकट होतो आणि वाजवताना लेप खरवडून हेडवर येतो. त्या लेपातच आवाज असतो. बुरशी लागली असेल तर ती आधी जाणकाराकडून साफ करून घ्यावी लागते.

हे काम एकेका कुटुंबावर सोडून चालणार नाही. नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयानं जुने कागद आणि हस्तलिखितं जपली आहेत. तिथे आवाजालाही एक खोली मिळावी. आकाशवाणीच्या स्थानिक केंद्रानं जाणकार तंत्रज्ञ सुचवावेत, आणि एका दुरुस्त यंत्राचा व दोन माणसांच्या पगाराचा खर्च जिल्हा नियोजन समितीनं उचलावा. ३२ मिनिटांची फीत उतरवायला ३२ मिनिटं लागतातच, त्यामुळे काम वर्षानुवर्षं चालेल. तोवर घरच्यांनी खोक्यावरच्या मजकुराचा फोटो काढून ठेवावा आणि आतली चिठ्ठी फेकू नये. साथीला तबल्यावर कोण होतं, याची नोंद बऱ्याचदा तेवढीच असते.