हळदीच्या रानातले चार दिवस

गेल्या फाल्गुनात आम्ही घरच्या चौघांनी ठरवले, यंदा हॉटेल नाही. एसटीने हिंगोली गाठायची, नर्सीला संत नामदेवांच्या गावी माथा टेकायचा आणि सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावी ओळखीच्या शेतकऱ्याकडे चार दिवस हळदीच्या कामाला लागायचे. बाबा आमटे यांनी १९६७ साली सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली, तिचेच हे घरगुती रूप, असे मला वाटत होते.

हळद आठ-नऊ महिने जमिनीत असते. मग ती खणायची, गड्ड्यापासून हळकुंडे मोडायची, शिजवायची, दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवायची. पाच क्विंटल ओल्या हळदीची वाळून जेमतेम एक क्विंटल उरते. मुलांची बोटे पिवळी झाली, माझी कंबर धरली. चुलाणात वाळला पाला, जेवायला पिठले-भाकरी, अंघोळीला एक बादली पाणी.

"काहीच वाया जात नाही तुमच्याकडे!" मी कौतुकाने म्हणालो.

मालकीणबाई हसल्या. "भाऊ, वाया घालायला उरतंय कुठं?"

ते हसणे मला बोचले. आपण जिला साधी राहणी म्हणतो, ती त्यांनी हौसेने निवडलेली नाही. अशा सहली जरूर कराव्यात. पण चार दिवस राबलो म्हणून फुकट जेवू नये. खाल्ल्या अन्नाचे पैसे द्यावेत आणि वर्षाची हळद तिथूनच, घासाघीस न करता घ्यावी.

आम्ही पाच किलो आणली. फोडणीत हळद टाकल्यावर धाकटी हल्ली चमचा झटकून घेते.