भाव सांगताना एकक सांगा

शिक्षक मित्रांनो, पालकहो, आपल्या खामगावच्या सराफ्यात चांदीचा भाव किलोवर सांगतात, सोन्याचा दहा ग्रॅमवर. चलनाचंही तसंच. एफबीआयएल ही संस्था रुपयाचे संदर्भ दर जाहीर करते. डॉलरचा दर एका डॉलरला, पण जपानी येनचा शंभर येनला! आता एआय मदतनीस असे दर एखाद्या साधनातून शोधून आणतात. त्या साधनाच्या माहितीत एकक, तारीख आणि सुट्टीच्या दिवशी कोणता दर धरायचा हे स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर उत्तर शंभरपट चुकू शकतं. न लिहिलेलं यंत्राला कसं कळणार? म्हणून मुलांच्या वहीतही नुसत्या आकड्याला पूर्ण गुण देऊ नका. घरी मोबाईलने भाव सांगितला, तरी विचारायला शिकवा : कितीचा? कधीचा?