तोलण्याआधी कार्ड वाचा

धामणगाव रेल्वेतल्या एका भंगाराच्या दुकानात गेल्या महिन्यात जुन्या पीसींच्या कार्डांचं अर्धं पोतं दिसलं. “घ्या ना भाऊ, किलोच्या भावानं लावून देतो,” दुकानदार म्हणाला. वर डिस्क कंट्रोलर, प्रिंटर कार्डं. तळाशी एक धुळकट कार्ड, त्यावर ‘जिस्ट’ छापलेलं. मी तेवढंच उचललं.

तरुण दुरुस्तीवाल्यांनी हे नाव ऐकलं नसेल. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं हे काम पुण्याच्या सी-डॅकनं घरोघरच्या पीसीत बसेल असं केलं. डॉसला मराठी येत नव्हती. हे कार्ड खोचलं की वर्डस्टार, डीबेससारख्या प्रोग्रॅमात देवनागरी उमटे. वेलांट्या आणि जोडाक्षरं बसवायचं काम कार्डाचं. फायलीत जात ते इस्की या भारतीय लिप्यांच्या संकेतप्रणालीचे आकडे: १२७ पर्यंत इंग्रजी, १६१ पासून आपली लिपी. आज मोबाइलवर आपण मराठी लिहितो त्या युनिकोडमधला देवनागरीचा क्रम १९८८ च्या इस्कीवरूनच घेतलेला आहे. म्हणून असं कार्ड सोन्याच्या मुलाम्यासाठी आम्लात जाताना पाहवत नाही.

कार्ड ओळखताना आधी कडा बघा. दोन्ही बाजूंना ३१-३१ पट्ट्या म्हणजे ८ बिटांचं. पुढं ३६ पट्ट्यांचा आणखी तुकडा असेल तर १६ बिटांचं. मग मागची पत्री. पंचवीस छिद्रं म्हणजे प्रिंटर, पंचवीस पिना म्हणजे सिरियल. नऊ छिद्रं दिसली की थांबा: मोनोक्रोम आणि सीजीए दोन्हींचं तोंड तेच, पण सिग्नल वेगळा. जुना मोनोक्रोम मॉनिटर सीजीए कार्डाला लावला तर जळू शकतो.

चिपवरचा कागद मळका दिसला तरी काढू नका. त्याखाली काचेची खिडकी असते आणि उन्हानं आतला प्रोग्रॅम पुसला जातो. कडक उन्हात आठवडाभर पुरे. आपल्याकडचा मे महिना सांगायला नको. साफसफाईच्याही आधी चिप रीडरवर वाचून प्रत ठेवा. कार्डावरच्या बायॉस रॉमची सुरुवात ‘५५ एए’नं होते, तेवढं जुळवून बघा. जंपरचा फोटो घ्या. पट्ट्या खोडरबरानं घासायची आपली सवय मोडली पाहिजे, मुलामाच निघून जातो. आयसोप्रोपिल आणि सुती कापड बास.

कार्डासोबतच्या फ्लॉप्या मात्र मागून घ्याच. माझ्या कार्डाची अजून सापडलेली नाही. रविवारी पुन्हा त्या दुकानात जातोय, उरलेलं पोतं उपसायला.