गरोदरपण आणि दारू : बाटलीवरचा इशारा अर्धाच आहे

दारूच्या बाटलीवर एक इशारा छापलेला असतो. दारू आरोग्यास हानिकारक आहे, आणि पिऊन गाडी चालवू नका. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने तो १ एप्रिल २०१९ पासून बंधनकारक केला. त्यात गाडीचा उल्लेख आहे, पोटातल्या बाळाचा नाही. अमेरिकेत गर्भवतींसाठीचा इशारा १९८९ पासून बाटलीवर आहे, फ्रान्समध्ये २००७ पासून. आपल्याकडेही तो असायलाच हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण समजून घेऊ. आईच्या रक्तातली दारू वारेतून सरळ बाळाच्या रक्तात जाते. बाळाचे यकृत तेव्हा पुरेसे तयार नसते, त्यामुळे दारू त्याच्या शरीरात आणि गर्भजलात रेंगाळते. मेंदू नऊही महिने घडत असतो, म्हणून कोणताच महिना सुरक्षित नाही. ‘एवढी चालते’ असे सुरक्षित प्रमाणही ठरलेले नाही. देशी, हातभट्टी, बिअर, वाईन या सगळ्यांत तेच अल्कोहोल असते.

१९७३ साली अमेरिकेतल्या सिएटलच्या डॉक्टर जोन्स आणि स्मिथ यांनी अशा बाळांचे वर्णन करून ‘फीटल अल्कोहोल सिंड्रोम’ हे नाव दिले. बाळाची वाढ खुंटते, डोळ्यांच्या फटी लहान असतात, वरचा ओठ पातळ असतो आणि नाक व ओठ यांमधली खाच सपाट दिसते. पण अनेक मुलांचा चेहरा अगदी नेहमीसारखा असतो, इजा फक्त मेंदूला झालेली असते. अशा मुलाचे शाळेत लक्ष लागत नाही, गणित जमत नाही, राग आवरत नाही. आपण त्याला मठ्ठ किंवा वांड म्हणून मोकळे होतो. ही इजा औषधाने भरून येत नाही. मात्र ती शंभर टक्के टाळता येते.

यावर ठरलेले उत्तर मिळते, ‘डॉक्टर, आपल्याकडे बायका कुठे दारू पितात?’ राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या शंभरात एकीपेक्षाही कमी स्त्रियांनी दारू घेत असल्याचे सांगितले, हे खरे. पण नवऱ्याच्या व्यसनाला कंटाळून जिथे बायाच मतदान करून बाटली आडवी करतात, तिथे स्वतः घेणारी बाई ते कोणाला सांगणार? अंगदुखीसाठी घोटभर घेणारी असो की पार्टीत वाईन घेणारी, दोघी गप्प बसतात. आणि आपण डॉक्टरही वजन, बीपी, हिमोग्लोबिन बघतो, पण हा प्रश्न बहुधा विचारत नाही.

म्हणून माझे दुसरे म्हणणे असे : पहिल्याच तपासणीला डॉक्टर, नर्सताई किंवा आशाताईंनी हा प्रश्न प्रत्येक गर्भवतीला विचारावा. सासू-नवऱ्यासमोर नाही, एकटीला. सगळ्यांनाच विचारला, की कोणा एकीला तो टोचत नाही.

आता तुमच्यासाठी चार गोष्टी.

दिवस गेल्याचे कळण्याआधी दारू घेतली गेली असेल तर घाबरून गर्भपाताचा निर्णय घेऊ नका. आजपासून बंद करा आणि डॉक्टरांना सांगा. कधीही थांबलात तरी बाळाचा फायदाच आहे.

रोज पिण्याची सवय असेल तर घरच्या घरी एकदम सोडू नका, त्यात झटके येऊ शकतात. दवाखान्यात या.

आसव-अरिष्टांत आंबवण्यामुळे अल्कोहोल तयार होते. बाटलीवर त्याचे प्रमाण वाचा आणि गरोदरपणात विचारल्याशिवाय घेऊ नका.

नवरोबांनो, घरात बाटली आणून बायकोने मन मारावे ही अपेक्षा बरोबर नाही. नऊ महिने तुम्हीही बंद करा.

सरकार बाटलीवर गर्भवतीचा इशारा छापेल तेव्हा छापेल. तोवर हे तुमच्या घरातल्या, शेजारच्या गर्भवतीला तुम्हीच सांगा.