रिटायरमेंटनंतर वाचू म्हणे!

'रिटायर झालो की निवांत वाचणार आहे.' हे वाक्य मी ऑफिसात महिन्यातून एकदा तरी ऐकतो. बोलणारा तिशीच्या आतबाहेरचा असतो. ज्ञानेश्वरी, प्लेटो, टॉलस्टॉय, सगळे त्याने साठीनंतरच्या खात्यात टाकलेले असतात, पीएफसारखे. फरक इतकाच की पीएफमध्ये दर महिन्याला काहीतरी जमा होतं. इथे सगळा शून्याचा कारभार.

माझी आई कारकुनीतून निवृत्त झाली आणि तिने मुक्त विद्यापीठात मराठीच्या बी.ए.ला नाव घातलं. सध्या ती लीळाचरित्र वाचते आहे. नातेवाईक म्हणतात, 'छान टाइमपास शोधलात वहिनी!' सून-जावयांच्या उखाळ्यापाखाळ्या काढल्या असत्या तर त्याला कोणी टाइमपास म्हटलं नसतं. सातशे वर्षांपूर्वीचं मराठी गद्य समजून घेणं मात्र टाइमपास. आईचा प्रश्न वेगळाच आहे: 'हे मला विशीत कोणी का नाही दिलं?'

हा प्रश्न एकट्या आईचा नाही. आपल्याकडे प्रौढशिक्षण म्हटलं की डोळ्यांपुढे अंगठ्याच्या जागी सही येते. 1978 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रमाचा भर 15 ते 35 वयोगटाच्या साक्षरतेवर होता. ते गरजेचंच होतं. पण सही आल्यावर पुढे काय वाचायचं, कोणाशी बोलायचं, याची सोय फार थोड्या ठिकाणी झाली. फ्रान्समध्ये तुलूझला 1973 साली निवृत्तांसाठी 'तिसऱ्या वयाचं विद्यापीठ' निघालं. पुढे ब्रिटनमध्ये त्याचं रूप बदललं. तिथे परीक्षा नाही, पदवी नाही, सभासदच एकमेकांना शिकवतात. आपल्याकडे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून आहे, पण तिथे जाणाऱ्या साठीच्या माणसाला आपण आधी विचारतो, 'आता नोकरी करायची आहे का?'

आणि आपण तरुण? इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत भाषेच्या नावाखाली मला शिकवलं गेलं ते नोकरीचा अर्ज कसा लिहावा, एवढंच. ज्या समाजात विशीतला माणूस अर्ज लिहायला शिकतो आणि साठीतला 'टाइमपास' म्हणून तत्त्वज्ञान वाचतो, तिथे मधली चाळीस वर्षं विचार कोण करतं?

यावर ठरलेलं उत्तर येतं: 'हे ग्रंथ कळायला वय लागतं.' परंपरेने सांगितलेली सालं धरली, तर 1290 मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण झाली तेव्हा ज्ञानेश्वर पंधरा वर्षांचे होते. पंधरा वर्षांच्या मुलाने सांगितलेला ग्रंथ आपण म्हातारपणासाठी राखून ठेवलाय! प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये राज्यकर्त्यांचा शेवटचा टप्पा पन्नाशीत येतो, हे खरं. पण त्याआधी लहानपणी संगीत आणि व्यायाम, मग गणित, तिशीत वादविवादाचं शिक्षण आणि नंतर पंधरा वर्षं प्रत्यक्ष कामाचा अनुभव आहे. पन्नाशीत पहिलं पान उघडा, असं तो सांगत नाही.

वेळ नाही, हे दुसरं उत्तर. दोन तास रील्स पाहायला असणारा वेळ वाचायला नसतो, हे मला पटत नाही. पण सगळं खापर माणसांवर फोडणंही सोपं आहे. नऊ-दहा तास काम आणि वर प्रवास केलेल्या माणसाला एकट्याने प्लेटो वाचायला सांगणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलणं. सोबत लागते, वेळ ठरलेली लागते, चुकीचा प्रश्न विचारायची मुभा लागते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. महाराष्ट्रात 1967 चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, गावोगावी अनुदानित वाचनालयं आहेत. तिथे आठवड्यातून एक संध्याकाळ, दोन तास, एक पुस्तक. परीक्षा नको, प्रमाणपत्र नको. अट एकच: एका बाकावर साठीचा माणूस आणि पंचविशीचा माणूस शेजारी बसायला हवा. साठीच्या माणसाकडे आयुष्य आहे, पंचविशीच्याकडे ते बदलायला वेळ आहे. दोघांना एकाच पानाची गरज आहे.

तुमच्या वाचनालयात असा गट नसेल तर सुरू करा. चार माणसं पुरतात. पाचवी म्हणून आईला घेऊन या.